मिटताना मावायला हवं

डिसेंबरात शेटलंडच्या आमच्या बेटावर
तीन वाजता दिवस संपतो.
ऑस्ला दिवा टेबलाच्या काठापर्यंत ओढते
आणि म्हणते, तू काप,
माझी कात्री आता रेघ सोडते.
मी कापते.

कागद विकतचा नाही.
बँकेच्या पाकिटांची आतली बाजू:
निळी जाळी, निळ्या लाटा, बारीक निळी खडी,
आतलं पत्र बाहेरून कुणी वाचू नये म्हणून छापलेली.
ती साठवत आली आहे वर्षानुवर्षं.
विजेचं बिल, होडीच्या कर्जाचा हप्ता,
इस्पितळाची तारीख,
आल्फच्या नावाची, आल्फ गेल्यावर पोचलेली.
सगळी पाकिटं उलटी करून पसरली
की समुद्र होतो.

ठसे गमबुटाच्या टाचेतून कोरलेले.
मेंढी, होडी, पफिन.
पफिनची चोच कोरताना सुरी सटकली
म्हणून आमचे सगळे पफिन जरा हसल्यासारखे.
मागच्या नाताळात तो अर्ध्या बेटाच्या घरी गेला,
गॅरेजवाल्या टॅमीकडेसुद्धा,
ज्याच्याशी ती नऊ वर्षं बोलत नाही.
कार्डाचा आणि अबोल्याचा संबंध काय,
असं तिचं म्हणणं.

आणि हे सगळं पोचवलं रॅस्मीनं.
लाल गाडी, पुढचा एकच दिवा धड,
फाटक उघडं टाकून जायची खोड,
त्यावरून ऑस्लाच्या शिव्या, रोज, ताज्या.
शुक्रवारी तो निवृत्त होतो.
त्याला स्वतःला कधी कुणी कार्ड पाठवलं नाही
हे आमच्या ध्यानात यायला एकतीस वर्षं लागली.

घडीचं गणित सोपं आहे, पण माफ करत नाही.
मधल्या घडीवर पाय रोवून जे उभं राहतं
ते पानाहून लांब झालं
तर कार्ड मिटल्यावर त्याचं टोक बाहेर डोकावतं.
आमचा पहिला डोंगर असाच बाहेर आला.
उभं राहणं कुणालाही जमतं, ऑस्ला म्हणाली,
मिटताना मावायला हवं.
मग डोंगर कापून टेकडी केली.
नाहीतरी आमच्याकडे टेकडीच आहे.

विणायच्या सुईच्या बोथट टोकानं रेघ दाबायची,
पिठाची खळ लावायची, बोटानं, कमी,
आणि वर बायबल ठेवायचं,
कारण घरात तेवढं जड दुसरं पुस्तक नाही.
मागे बँकेचा समुद्र, तीन थरांचा.
पुढे गाडी, बिस्किटांच्या लाल वेष्टणाची.
आणि फाटक.
फाटकात दोन संध्याकाळी गेल्या.
पान उघडलं की ते उघडतं,
पान मिटलं की आपोआप लागतं.
बघ, ऑस्ला म्हणाली,
एकदा तरी लावेल मेला.

हातातच देऊ या का, मी विचारलं.
तिनं असं पाहिलं,
जणू मी चर्चमध्ये शीळ घातली.
टपालानंच जाणार.
ठसा आमचा, तिकीट सरकारचं,
आणि शिक्का?
टपालघर तोच चालवतो,
म्हणजे स्वतःच्या नावावर
शिक्का त्यालाच मारावा लागणार.

शुक्रवारी आला, अंधार पडता पडता.
आमचं घर त्याच्या फेरीतलं शेवटचं.
विजेचं बिल दिलं,
वारा वाढतोय म्हणाला,
ऑस्ला म्हणाली, वाढू दे.
बस्स.
माणूस नियमाचा आहे,
वाटप संपल्याशिवाय स्वतःचं पाकीट फोडायचा नाही.

खिडकीतून आम्ही पाहत होतो.
खालच्या वळणावर गाडी थांबली.
आतला दिवा लागला.
बराच वेळ लागून राहिला.
चहा निवला, आम्ही तो तसाच प्यायलो.

फाटक अर्थातच सताड उघडं,
दोन मेंढ्या रस्त्यावर.
ऑस्लानं कोट चढवला, बॅटरी घेतली,
आणि निघाली लावायला,
शिव्या देत,
वळणापर्यंत ऐकू जातील
इतक्या मोठ्यानं.